फिल्टरचा दिवा सारखा लागतो, डिझेल वाढलंय: फिल्टर पोकळ करायच्या आधी हे बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ५५ एचपीचा ट्रॅक्टर, २०२३ च्या शेवटी घेतलेला, तास झालेत १६५०. हंगामात डबल ट्रॉलीनं ऊस वाहतूक, उन्हाळ्यात रोटर (रोटाव्हेटर) आणि पलटी नांगर. आधी सायलेन्सरमधल्या फिल्टरचा दिवा चाळीसेक तासांनी लागायचा, आता आठ तासांत लागतो. रोटरला एकरी ५ लिटर डिझेल जायचं ते साडेसहावर गेलं. आणि गावातला मिस्त्री म्हणतो, फिल्टर आतनं पोकळ करून टाकतो, डिझेल पण वाचंल आणि कटकट पण जाईल.

मी वीस-बावीस वर्षं कृष्णाकाठी ट्रॅक्टरच खोलतोय, साध्या पंपापासनं आताच्या कॉमन रेलपर्यंत (कॉम्प्युटरनं मोजून डिझेल फवारणारी यंत्रणा), आणि गेल्या तीन वर्षांत असे पोकळ केलेले ट्रॅक्टर माझ्याकडं परत आलेत त्यातल्या एकाचंही डिझेल सांगण्यासारखं कमी झालेलं मी बघितलं नाही. का, ते खाली येतंच.

आधी हे झालं कशानं ते. १ जानेवारी २०२३ पासनं ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला ट्रेम फोर, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम लागला. त्यात काजळीची मर्यादा एवढी खाली आणली की कंपन्यांना कॉमन रेल, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि बऱ्याच मॉडेलात सायलेन्सरच्या जागी हे फिल्टरचं डबडं बसवावंच लागलं. म्हणून तर ४९ एचपीच्या ट्रॅक्टरला एकदम गिऱ्हाईक वाढलं, त्याला तेव्हा जुनाच नियम राहिला. तुमच्या एचपीच्या गटात बहुतेक ठिकाणी युरियाची निळी टाकी नसते, ती ७५ एचपीच्या वर लागते, तेव्हा कुणी म्हणालं 'डीईएफ (त्या टाकीतलं युरियाचं पाणी) टाका मग दिवा जातो' तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

त्या डबड्यात दोन भाग असतात. पहिला छोटा, त्याला डीओसी म्हणतात. दुसरा मोठा, चिनी मातीसारख्या मटेरियलचा, मधमाशीच्या पोळ्यासारखा. पोळ्याची एक नळी पुढनं उघडी आणि मागनं बंद, शेजारची पुढनं बंद आणि मागनं उघडी. म्हणजे धुराला भिंतीतनं गाळूनच पलीकडं जावं लागतं, काजळी अलीकडं राहते. चहाची गाळणीच, फक्त भिंतीची छिद्रं डोळ्याला दिसत नाहीत. ही काजळी दोन तऱ्हेनं जळते. इंजिनवर चांगला लोड असला, धूर अडीचशे-तीनशे डिग्रीच्या वर गेला की चालता चालता आपोआप थोडी थोडी जळत राहते, तुम्हाला कळत पण नाही. ते झालं नाही तर कॉम्प्युटर जादा डिझेल सोडतो, ते डीओसीत जळतं, पुढं फिल्टरात साडेपाचशे-सहाशे डिग्री तयार होतात आणि साठलेली काजळी जळून जाते. याला रीजन म्हणतात, दिवा लागतो तो यासाठीच.

आता मुद्द्याचं. जुन्या ट्रॅक्टरला नोझल खराब झालं, हवा कमी पडली, की धुराड्यातनं काळा धूर यायचा. बांधावरनं दिसायचं. (आमचे आप्पा तर काळा धूर म्हणजे जोर म्हणायचे, तो भाग वेगळा.) आता फिल्टर सगळा धूर पोटात घेतो, बाहेर काहीच दिसत नाही, आणि ट्रॅक्टर ठणठणीत आहे असं आपल्याला वाटत राहतं. तो काळा धूर आता डॅशबोर्डवर दिव्याच्या रूपात येतो एवढाच फरक. चाळीस तासांचा दिवा आठ तासांवर आला याचा अर्थ इंजिन पाचपट काजळी सोडतंय, नाहीतर काजळी जळतच नाहीये, नाहीतर सेन्सर खोटं सांगतोय. फिल्टर फोडून या तिन्हीतलं एकही दुरुस्त होत नाही, फक्त दिसायचं बंद होतं.

डिझेलचा हिशोब तुमच्याच आकड्यांवर करू. आठ तासांत रोटर साधारण साडेसहा एकर होतो असं धरा. एकरी दीड लिटर जास्त म्हणजे आठ तासांत दहा लिटरच्या आसपास जादा गेलं. उभं करून रीजन केलं की चाळीसेक मिनिटं इंजिन चढ्या आरपीएमवर चालतं, त्यात मी मोजलेलं डिझेल अडीच-तीन लिटर. म्हणजे दहातलं तीन रीजननं खाल्लं, मग उरलेलं सात कुठं गेलं? चांगल्या अवस्थेतला फिल्टर धुराला अडवतो म्हणून डिझेल वाढतं ते एखाद-दोन टक्के, म्हणजे एकरी पाच लिटरला फार तर शंभर मिली. तेव्हा मिस्त्री जे वाचवतो म्हणतोय ते हे शंभर मिली. सात लिटर दुसरीकडंच चाललंय आणि काजळी पण तिथंच तयार होतीय, असा माझा अंदाज.

पहिलं काम आज संध्याकाळीच करा, पैसे लागत नाहीत. इंजिन गार झाल्यावर ऑइलची पट्टी काढा. ऑइल कमी नाही, वाढलंय का ते बघायचंय. वरच्या खुणेच्या वर गेलं असंल आणि पातळ, डिझेलचा वास येत असंल तर रीजनच्या वेळी सोडलेलं जादा डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरनं खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. वारंवार रीजन, त्यात मधेच इंजिन बंद करायचं, याचा हा ठरलेला परिणाम. एकजण माझ्याकडं खुशीत सांगत आला होता की नवा ट्रॅक्टर ऑइल खात नाही, उलट वाढतंय. त्याच्या टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, बुश गेली होती. ऑइल वाढलं असंल तर तास बघत बसू नका, ऑइल फिल्टर सकट बदला, आणि ते बदलताना बादलीवर काय लिहिलंय ते वाचा. फिल्टरवाल्या इंजिनला कमी राखेचं ऑइल लागतं, एपीआय सीके-४ किंवा तुमच्या पुस्तकात जे दिलंय ते. जुन्या ट्रॅक्टरची उरलेली बादली याच्यात ओतायची नाही. कारण काजळी जळते, पण ऑइलमधल्या कॅल्शियम-जस्ताची राख जळत नाही, ती फिल्टरात कायमची बसते.

दुसरं, हवेची बाजू. एअर फिल्टर झटकून झटकून वापरलाय का? रोटरच्या धुळीत तो चहाच्या वेळी टायरवर आपटायची सवय सगळ्यांना आहे, त्यानं कागद फाटतो. पण तुमच्या लक्षणांवरनं माझा जास्त संशय टर्बोपासनं इंटरकूलरकडं (ती हवा गार करणारी जाळी) जाणाऱ्या रबरी होजवर, म्हणजे पाइपवर आहे. क्लिप सैल होते, होजला खालच्या बाजूनं बारीक चीर पडते. उभ्या गाडीत काही कळत नाही, लोडवर आली की फुस्स आवाज आणि त्या जागी तेलकट काळा डाग. भरलेली हवा बाहेर गेली की डिझेल तेवढंच पण हवा कमी, म्हणजे ओढ कमी, काजळी जास्त, डायव्हर आणखी रेस देतो, डिझेल आणखी जातं. तुमची दोन्ही लक्षणं एका चिरेत बसतात. साबणाचा फेस लावा, एकानं रेस द्यावी, दुसऱ्यानं पंख्यापासनं हात लांब ठेवून बघावं.

तिसरं, फिल्टरच्या पुढनं आणि मागनं दोन बारीक नळ्या निघून एका सेन्सरला जातात. दोन्हीकडच्या दाबातला फरक मोजून कॉम्प्युटर ठरवतो की फिल्टर किती भरलाय. या नळ्या शेडमध्ये उंदीर खातात. हसू नका, एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर दोन ठिकाणी इंजिनचा कॉम्प्युटर तपासायचा लॅपटॉप लावून झाला, नवीन फिल्टरचं कोटेशन पण आलं, तो आकडा ऐकून माणूस दोन दिवस जेवला नाही. मी खाली वाकून बघतोय तर मागची नळी सेन्सरपासनं चार बोटांवर कुरतडलेली आणि पुढच्या नळीत पाणी साठून चिकट काळा गोळा बसलेला. सायकलच्या स्पोकनं नळी मोकळी केली, खाल्लेला तुकडा कापून नवी नळी घातली, सेन्सरचा शून्य आकडा लॅपटॉपवर परत शिकवला. काम संपलं.

हे तिन्ही निघालं नाही तरच लॅपटॉप. तिथं गेल्यावर नुसतं 'रीजन मारून द्या' म्हणू नका, समोर उभं राहून चार गोष्टी बघा. काजळी किती टक्के दाखवतंय, दाबाचा फरक रेसला किती, कॉम्प्युटर कुठल्या सिलेंडरच्या इंजेक्टरचं डिझेल जास्त कमी-जास्त करून घेतोय, आणि रीजन चालू असताना डीओसीच्या मागचं तापमान साडेपाचशेच्या वर जातंय का. ते चारशेवरच घुटमळत असंल तर डीओसीचं तोंडच काजळीनं लिंपलंय किंवा डिझेल नीट फवारलं जात नाही, मग तुम्ही दहा वेळा रीजन करा, काजळी जळणारच नाही. ईजीआरचा व्हॉल्व्ह उघडा अडकला असंल तरी हीच कथा. आणि रस्त्याकडेला बायोडिझेलच्या नावानं जे स्वस्तात मिळतं ते टाकीत गेलं असंल कधी, तर तेही खरं सांगा मेकॅनिकला. २०२० च्या एप्रिलपासनं देशभर पंपावरचं डिझेल बीएस सिक्सचं आहे, त्यात गंधक १० पीपीएमच्या आत. तसल्या ड्रममधल्या मालाला कसलाच हिशोब नाही आणि कॉमन रेलचे इंजेक्टर केसाहून बारीक फटीवर चालतात.

आता वापराचं, आणि इथं मला ऊस वाहतुकीची शंका जास्त येतीय. कारखान्याच्या यार्डात नंबर लागायला आठ-दहा तास, कधी रात्रभर. डायव्हर काय करतो, इंजिन चालूच ठेवतो. स्पीकर, मोबाईल चार्जिंग, थंडीत पायाला ऊब. इंजिन नुसतं सुस्त चालताना तासाला लिटरभर डिझेल जातं ते जातंच, पण धूर एवढा गार असतो की एक कण काजळी जळत नाही, नुसती साठत जाते. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परत येताना पण तेच. त्यात रीजन लागलं की आरपीएम आपोआप चढतो, गरम वास येतो, डायव्हर घाबरून रीजन थांबवायचं बटण दाबतो. मागच्या हंगामात एका ट्रॅक्टरला ते बटण मला दिसेनाच, बघितलं तर दाबलेल्या स्थितीत त्याच्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. चार महिने! डायव्हरला विचारलं तर म्हणाला, साहेब, त्यो दिवा लई तरास देतो. आणि त्याची भीती पण खोटी नव्हती, यार्डात खाली सगळं पाचट असतं, सायलेन्सरच्या तोंडातनं त्या वेळी निघणारा धूर पाचट पेटवू शकतो.

म्हणून रीजन कुठं करायचं ते डायव्हरला शेजारी बसवून शिकवा. मोकळी मुरमाड जागा, खाली पाचट, भुसा, वाळलं गवत नको, कडब्याच्या गंजीपासनं आणि शेडपासनं लांब, डोक्यावर फांदी नको. टाकीत पाव टाकी तरी डिझेल. इंजिन कामावरनं आलेलं गरमच असताना, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, पीटीओ (अवजार फिरवणारी मागची शाफ्ट) बंद, मग बटण. अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात पोरांना सायलेन्सरकडं जाऊ द्यायचं नाही. सुरू केलं की मधी बंद करायचं नाही, अगदी नाइलाज झाला तरच. झाल्यावर चार-पाच मिनिटं सुस्त चालवा, टर्बो निवू द्या, मग चावी फिरवा. आणि यार्डात नंबर लांब असंल तर इंजिन सरळ बंद. डायव्हरला पंखा-स्पीकरसाठी एक वेगळी बॅटरी घेऊन द्या, एका हंगामात फिटंल.

रीजन टाळून टाळून काजळी फारच भरली तर मात्र घरी रीजन करायच्या भानगडीत पडू नका. भरलेल्या फिल्टरात काजळी एकदम पेटली की तापमान हाताबाहेर जातं, आतली माती वितळते नाहीतर तडकते. म्हणूनच एका मर्यादेच्या वर लॅपटॉप पण नाही म्हणतो. फिल्टर तडकलाय का ते ओळखायची साधी युक्ती, गार असताना धुराड्याच्या आत बोट फिरवा. चांगल्या फिल्टरवाल्या ट्रॅक्टरचं बोट जवळजवळ स्वच्छ येतं. काळंकुट्ट आलं तर आत फुटलाय.

साफ करून घ्यायचा प्रश्न राहिला. १६५० तासांत राखेनं फिल्टर भरणं मला पटत नाही, ऑइल चुकीचं वापरलं नसंल तर राख काढायची वेळ साधारण तीन हजार तासांच्या पुढं येते, तुमच्या पुस्तकात तास दिलेले असतील. तरी कधी काढावा लागलाच तर काय करायचं नाही ते आधी सांगतो, कारण नुकसान तिथंच होतं. गाड्या धुवायच्या प्रेशर पाइपनं फिल्टर धुवायचा नाही, राख ओली झाली की नळीच्या टोकाला सिमेंटसारखी बसते. ॲसिड नाही, गॅसची बत्ती लावून जाळायचं नाही, दगडावर आपटायचा तर नाहीच. काही जण मधनं ड्रिलनं भोक पाडतात, म्हणजे गाळणीला भोक पाडून चहा गाळल्यासारखं. नीट काम करणारा आधी फिल्टर वजन करतो, मग भट्टीत हळूहळू तापवत सहाशे डिग्रीपर्यंत नेऊन काही तास ठेवतो, तेवढाच हळू निववतो, नंतर बंद कपाटात मागच्या बाजूनं पुढं हवा मारून राख काढतो, परत वजन करतो, हवा किती जाते ते मोजतो. दोन्ही वजनं कागदावर लिहून मागा. जो वजनाचं नाव काढत नाही त्याच्याकडं फिल्टर सोडू नका. बसवताना धुराच्या दिशेचा बाण बघायचा, गॅस्केट नवी घालायची आणि कॉम्प्युटरमधला राखेचा आकडा शून्य करून घ्यायचा, हे शेवटचं लोक विसरतात आणि आठवड्यात दिवा परत लागतो. राख उघड्यावर फुंकायची नाही, फुफ्फुसाला वाईट असते ती.

पोकळ करण्याबद्दल एकच सांगतो. फिल्टर गेला की दाबाचा फरक शून्य दिसतो, कॉम्प्युटर ओरडतो, मग त्याला गप्प करायला प्रोग्रॅम बदलतात, तो कुणी कुठनं उतरवलेला असतो देव जाणे. वॉरंटी तिथंच गेली, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये पण असा बदल बसत नाही. आणि चिरलेली होज तशीच.

डिझेल खरंच वाचवायचं असंल तर फिल्टरच्या मागं न लागता जमिनीकडं बघा. पलटीला चाक किती घसरतं कधी मोजलंय? मागच्या टायरला चुन्यानं खूण करा, नांगर उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर जातं ते टेपनं मोजा, मग नांगर लावून दहा फेऱ्या. समजा रिकामा ४२ मीटर आणि लोडवर ३५ आला, तर सात मीटर गेलं, म्हणजे साधारण साडेसोळा टक्के नुसतं चाक फिरलं. दहा ते पंधराच्या मधी असावं. जास्त असंल तर वजन वाढवा किंवा टायरची हवा कंपनीनं शेतकामाला दिलेल्या आकड्यावर आणा. रस्त्यावर ऊस ओढायला भरलेली हवा लोक उन्हाळ्यात नांगराला तशीच ठेवतात. उलट दहाच्या फारच खाली असंल तर तुम्ही फुकट वजन ओढताय, रोटरला टायरमधलं पाणी कशाला लागतं?

रोटरची पाती झिजून बोटाएवढी राहिलीत का तेही बघा, झिजलेलं पातं माती कापत नाही, रगडतं. मघाच्या सात लिटरातला चांगला हिस्सा तिथं पण असू शकतो. फवारणीसारख्या हलक्या कामाला इकॉनॉमी पीटीओ (कमी रेसला पण शाफ्ट तेवढीच फिरवणारा) असंल तर तो टाका. गिअर एक वर आणि रेस कमी हे खरं आहे, पण ट्रॅक्टर गुरगुरायला लागला, रेस देऊन पण आरपीएम चढेना, की एक गिअर खाली या. दाबून चालवलेलं इंजिनच सगळ्यात जास्त काजळी करतं, आणि आता ती दिसत नाही. आणि एकरी डिझेल मोजताना डॅशबोर्डवरच्या डिझेलच्या काट्यावर जाऊ नका, सपाट जागी टाकी गळ्यापर्यंत भरा, काम करा, त्याच जागी येऊन मापानं परत गळ्यापर्यंत भरा. नवीन ट्रॅक्टर घेताना पण कंपनीच्या माणसाचं ऐकण्यापेक्षा मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी केंद्राचा टेस्ट रिपोर्ट वाचा, त्यात कुठल्या लोडला तासाला किती डिझेल ते छापलेलं असतं.

तर आधी पट्टी, मग होज, मग त्या दोन नळ्या, याच क्रमानं. पट्टीचा फोटो उजेडात काढून टाका, वरची खूण दिसंल असा, आणि होजच्या खालच्या बाजूचा पण एक. आणि डायव्हरला न रागावता विचारा, बटणाचं काय केलं होतं म्हणून. मिस्त्रीला तोपर्यंत सांगा गाव सोडून पाव्हण्याकडं गेलोय.